चादरी मोजायला

आमच्या इस्पितळात ‘चादरी मोजायला जाणे’ याचा अर्थ रडायला जाणे असा होता. हा अर्थ फक्त नर्सिंगच्या माणसांना ठाऊक होता. डॉक्टरांना नव्हता, रुग्णांना नव्हता. कार्यालयातल्या कारकुनांची तर अशी समजूत होती की इथल्या सिस्टर चादरींच्या बाबतीत फार काटेकोर आहेत.

मी त्या इस्पितळात ब्रदर होतो. पुरुष परिचारकाला तेव्हा ब्रदर म्हणत, अजूनही म्हणतात. सत्तरच्या आगेमागे कोल्हापुरात आम्ही फार थोडे होतो. पुरुषांच्या वॉर्डात सिस्टरही असत आणि ब्रदरही. बायकांच्या वॉर्डात मात्र फक्त सिस्टर. दोन्ही वॉर्ड समोरासमोर, मध्ये व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला चादरींची खोली. दोन्ही वॉर्डांना मिळून ती एकच. भिंतींना लाकडी फळ्या, फळ्यांवर धोब्याकडून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, घोंगड्या. खिडकी उंचावर. आत बसायला एक तिपाई. बाहेरचा आवाज आत कमी येई आणि आतला आवाज कापडात मुरून जाई.

प्रथा कशी पडली ते मी पाहिले आहे. एक शिकाऊ मुलगी त्या खोलीत चादरींच्या थप्पीत तोंड खुपसून उभी होती. तिच्या हातात पहिलाच रुग्ण गेला होता. मेट्रनबाई दारात आल्या. त्यांना सगळे इस्पितळ भिऊन असे. मुलगी दचकून म्हणाली, “चादरी मोजते आहे, मॅडम.”

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग थप्पीकडे पाहिले.

“मग नीट मोजा,” त्या म्हणाल्या. “मोजून झाल्या की तोंड धुऊन या. कोपऱ्यातल्या खाटेचं सलाइन संपत आलंय.”

आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या. मी पलीकडे हातमोजे वाळत घालत होतो. त्या काळी रबरी हातमोजे धुऊन, फुंकून, भोके तपासून पुन्हा वापरीत. मेट्रनबाई माझ्यापाशी थांबल्या. “ब्रदर, तुम्ही काही ऐकलं नाही.” मी नाही म्हणालो.

त्या दिवसापासून तो शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचे नियमही आपोआप ठरले. एका वेळी एकीनेच जायचे. ती गेली की दुसरीने तिच्या खाटा सांभाळायच्या. परत आल्यावर काहीही विचारायचे नाही, फार तर “भरल्या का?” एवढेच. “भरल्या” असे उत्तर आले की विषय संपला. कधी कधी एखादी “नाही भरल्या” म्हणे. मग तिला पुन्हा पाठवीत.

आता लोक विचारतात की त्या काळच्या नर्सना ताण नव्हता का. शब्द नव्हता, ताण होता. एका सिस्टरकडे सबंध वॉर्ड असे. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडत आणि त्या गाद्यांवरही तीच एक. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही की डबल ड्यूटी. रुग्ण दगावला तर डॉक्टर चिठ्ठी लिहून जात. नातेवाइकांच्या शिव्या खायला सिस्टर उभी असे. एकीच्या अंगावर भरलेली थुंकदाणी फेकलेली मी पाहिली आहे. तिने कपडे बदलले आणि त्याच माणसाच्या आईला इंजेक्शन दिले. काहींनी नोकरी सोडली. काही तोंडाळ झाल्या. ज्या टिकल्या, त्या टिकल्या. त्यांच्या टिकण्यात त्या खोलीचा वाटा होता.

मी तिथे कधी गेलो नाही. म्हणजे चादरी आणायला जात असे. मोजायला नाही.

*

मेट्रनबाईंचा दुसरा नियम घड्याळाचा होता. रुग्ण गेला की खाटेशी जो असेल त्याने प्रथम घड्याळ पाहायचे. डॉक्टर नंतर येतात. जाण्याची खरी वेळ खाटेपाशी असणाऱ्यालाच ठाऊक असते. ती वेळ मोठ्याने सांगायची, म्हणजे दुसरे कोणी ऐकते आणि चुकत नाही. मग डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, पायांचे अंगठे बांधायचे. मग उरलेले.

“आधी घड्याळ का?” असे एका मुलीने वर्गात विचारले होते.

“डोळ्यांत पाणी आलं की काटा दिसत नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “म्हणून आधी.”

सिस्टर घड्याळ छातीशी, उलटे टाचीत. मान खाली घातली की त्यांना सुलटे दिसे. माझे मनगटावर होते. ते माझ्या वडिलांनी घेतलेले. आमचे गाव मलकापूरच्या बाजूला. मी ट्रेनिंगला लागलो तेव्हा नाडी मोजायला सेकंदकाट्याचे घड्याळ हवे असे कळले, आणि आबा मला घेऊन कोल्हापूरला दुकानात आले. त्यांना वेळ वाचता येत नसे. त्यांनी घड्याळ अंगठ्याने चाचपले, कानाला लावले, मग डोळ्यांजवळ धरले. “बारका काटा पळतोय न्हवं?” त्यांनी दुकानदाराला विचारले. “पळू दे. पोराला त्योच पायजे.”

आमची आई मी रांगत होतो तेव्हा गेली. मला आक्काने वाढवले. आक्का माझी थोरली बहीण. तेव्हा ती स्वतः कडेवर घेण्याच्या वयातून नुकतीच उतरली होती, आणि मी तिच्या कडेवर. पुढे तिचे लग्न कागलकडे झाले. तरी दरवर्षी भाऊबिजेला मी तिच्या घरी जात असे.

आबा गेले ते घरी, गावाकडे. छातीत कफ भरला होता. मी रजा काढून गेलो होतो. आक्काही आली होती. दुपारची वेळ. मी उशाशी बसून त्यांचे मनगट धरले होते. नाडी बारीक होत गेली, मग लागेना. मी थांबलो. पुन्हा पाहिली. नव्हती. मी मनगट खाली ठेवले, घड्याळ पाहिले आणि वेळ मोठ्याने सांगितली.

वॉर्डात ती ऐकायला दुसरी नर्स असते. तिथे आक्का होती.

“काय म्हनलास?” ती म्हणाली.

मी वेळ पुन्हा सांगितली. वॉर्डात कोणी ‘काय म्हणालात’ असे विचारले की वेळ पुन्हा सांगायची असते.

मी आबांचे डोळे मिटले. धोतराची पट्टी फाडून हनुवटी बांधली, अंगठे बांधले. हे सर्व झाल्यावर तिने तोंड उघडले.

“त्येनं घेतल्याल्या घड्याळात त्येचीच येळ बघितलीस व्हय रं?”

उत्तर होते, पण ते वर्गातले होते. सेकंदकाट्याचे आणि पाण्याचे ते उत्तर सुतकाच्या घरात सांगण्यासारखे नव्हते. बायकांनी गळा काढला. बाहेर ओट्यावर माणसे जमली, आणि संध्याकाळपर्यंत गावात झाले की बाप मेला तर ह्यो टाइम सांगत हुता.

मी जे केले ते मला तेव्हा चूक वाटले नाही. आजही वाटत नाही. पण आक्काने ते मनात धरले.

*

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरते बोले. भाऊबिजेला मी जात राहिलो. तिने ये म्हटले नाही, येऊ नको असेही म्हटले नाही. पाट मांडलेला असे, रांगोळी असे, ताटात निरांजन असे. मी पाटावर बसू लागलो की ती म्हणे, “ते काढ हातातलं.”

मी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवी. मगच ती कुंकू लावी. ओवाळताना तिची नजर माझ्या टोपीच्या वर कुठेतरी असे. जेवण वाढे. “भाजी घे.” “बास.” “घे की.” याच्या पुढे बोलणे जात नसे. निघताना मी कोनाड्यातून घड्याळ उचलून खिशात टाकी आणि एसटीत बसल्यावर हातात बांधी. वर्षे अशी गेली.

एकदा शेजारीण तिच्या ओट्यावर बसली होती. मी निघताना ती म्हणाली, “भाऊ मोठ्या दवाखान्यात हाय म्हनं तुमचा?”

“हाय की,” आक्का म्हणाली. “तिथं समदी त्येला बरदर म्हणत्यात. बरदर म्हंजे भाऊच म्हनं इंग्रजीत. गावभर भाऊ झालाय.”

शेजारीण हसली. मी चपला घातल्या.

*

मग आक्काला दम लागू लागला. पाय सुजले. रात्री आडवे पडवेना. तिच्या मुलाने तिला गाडीत घालून आमच्या इस्पितळात आणले, कारण दुसरीकडे न्यायचे म्हणजे भाऊ असताना लोक काय म्हणतील. हृदय मोठे झाले होते. डॉक्टर माझ्याशी बोलले. मला सांगण्याची गरज नव्हती. तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसत होत्या.

तिला समोरच्या, बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. लघवी होण्याचे औषध, मिठाविना जेवण, पाठीला तीन उशा. मी ड्यूटीवर येताना आणि जाताना तिथे थांबे. खाटेशी उभा राही. तक्ता वाचे. ती छताकडे पाही.

त्या वॉर्डात तेव्हा एक तरुण स्टाफ नर्स होती. कोल्हापुरातल्याच जुन्या मुसलमान घरातली. वडील पिंजारी, गाद्या भरण्याचे काम. घरातून एवढे शिकलेली ती पहिली. अंगाने बारीक, चालणे भराभर. पहिल्या वर्षी ती फार वेळा चादरी मोजायला जात असे. ही राहणार नाही असे आम्ही समजत होतो. ती राहिली. आक्काची आणि तिची गट्टी जमली. कशी, ते मला व्हरांड्यातून ऐकू येई.

“काय गं, पिंजाऱ्याची लेक ना तू? आन् गादी ही असली?”

“गादी सरकारची आहे, आक्का. माझ्या बापाची असती तर तुम्ही उठलाच नसता.”

“उठतोय कुठं मी.”

“मग बोलताय कशाला? वळा त्या कुशीवर. पाठीला पावडर लावायची आहे.”

“लई जोर हाय गं हाताला. लगीन झालं न्हाय ते बरं हाय. नवरा मोडला असता.”

आणि दोघी हसत. हसले की आक्काला दम लागे आणि ती सिस्टर तिला पुढे झुकवून धरून ठेवी, दम खाली बसेपर्यंत. मी हे दारातून पाहत असे. माझी बहीण हसते हे मी विसरलो होतो.

तिच्या शेजारच्या खाटेवर शिरोळकडची एक म्हातारी होती. पुरात घर गेलेले, पोटी कोणी नाही. कोणी भेटायला येत नसे. एका सकाळी अंग पुसताना ती गेली. ती तरुण सिस्टर तिच्यापाशी होती. पडदा लावलेला होता, पण आक्काच्या बाजूने तो पुरता आलेला नव्हता. सिस्टरने छातीवरच्या घड्याळाकडे मान झुकवली, वेळ मोठ्याने सांगितली. मावशीने, म्हणजे वॉर्डच्या आयाने, ती परत म्हटली. मग डोळे, हनुवटी, अंगठे. मग सिस्टर मावशीला म्हणाली, “मी जरा चादरी मोजून येते.”

ती परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. मावशीने विचारले, “भरल्या?” ती म्हणाली, “भरल्या.” आणि आक्काला औषध द्यायला आली.

आक्काने औषध तोंडात धरले, गिळले.

“एवढ्या चादरी मोजत्यासा,” ती म्हणाली, “मग माझ्या खाटंवर एकच कशी?”

सिस्टरला आधी कळले नाही. मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आले. तेव्हा तिने आक्काला सगळे सांगितले. चादरींचे सांगितले आणि घड्याळाचेही सांगितले. मेट्रनबाईंचे शब्दही सांगितले. हे मला आक्काकडूनच कळले, त्या दिवशी संध्याकाळी.

मी ड्यूटी संपवून खाटेशी उभा होतो. तक्ता वाचत होतो.

“ठेव ते,” ती म्हणाली. “बस.”

मी स्टुलावर बसलो. इतक्या दिवसांत तिने मला बस म्हटले नव्हते.

“डोळ्यात पानी आलं की काटा दिसत न्हाय,” ती म्हणाली. “असं हाय व्हय?”

मी मान हलवली.

“मग तवाच का सांगितलं न्हाईस?”

“तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.”

“तुझं असलंच. लहानपणीबी पडलास की सांगायचा न्हाईस. गुडघा मी बघायची तवा कळायचं.” तिला दम लागला. ती थांबली. मी उशी वर सरकवली. मग ती म्हणाली, “तू कवा मोजल्यास रं चादरी?”

“पुरुषांच्या वॉर्डात ते काम वॉर्डबॉय मामा करतात.”

“लबाड. मला समदं सांगितलंय त्या पोरीनं. कवा मोजल्यास?”

“नाही मोजल्या.”

“आबाच्या येळंला?”

“नाही.”

“मग ऱ्हायल्यात तुझ्या,” ती म्हणाली.

वॉर्डात संध्याकाळची जेवणे येत होती. ताटल्यांचा आवाज चालू होता. तिने माझे मनगट धरले आणि घड्याळ अंगठ्याने चाचपले, आबा दुकानात चाचपत होते तसे.

“ती म्हातारी बघ,” ती म्हणाली. “कोन न्हवतं तिला. पर ती पोरगी हुती, तिनं येळ बघितली. तेवढं तरी कुनीतरी बघितलं. माझ्या येळंला तूच बघ. दुसऱ्या कुनाला बघू दिऊ नगंस. आन् मग जा मोजायला.”

“बरं,” मी म्हणालो.

“बरं म्हनू नगंस नुसतं. बघशील का?”

“बघीन.”

मी दिलेला शब्द मोडत नाही. हे मी प्रौढीने लिहीत नाही. ती माझी सवय आहे. मी इनचार्ज सिस्टरना भेटलो. आक्काचे कमीजास्त वाटले की मला लगेच बोलवावे, असे सांगितले. त्यांनी मान्य केले. व्हरांडा ओलांडायला किती वेळ लागतो.

*

उसाचे दिवस होते. कारखान्याकडे जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली वळणावर उलटली. उसावर माणसे बसलेली होती. सकाळच्या उत्तरार्धात ती येऊ लागली, बैलगाडीतून, ट्रकमधून, एक तर दाराच्या फळीवरून. तपासणीच्या खोलीत जागा उरली नाही, तेव्हा मलमपट्टी करून त्यांना सरळ वॉर्डात पाठवू लागले. मी आणि एक शिकाऊ मुलगा, आम्ही दोघेच होतो. चादरी संपत होत्या. मामा थप्पीच्या थप्पी आणीत होता. मी बाह्या वर सारल्या होत्या आणि घड्याळ काढून खिशात ठेवले होते. रक्तात घड्याळ घालून काम करू नये.

एका ऊसतोड्याची मांडी कापली गेली होती. वर बांधलेली पट्टी भिजली, मग थबथबली. मी पट्टी सोडली आणि रक्त उसळले. आतली मोठी धमनी. मी जांघेत मूठ रोवली आणि अंगाचा भार दिला. रक्त थांबले. भार काढला असता तर ते पुन्हा सुरू झाले असते आणि थोड्याच वेळात सगळे संपले असते. सर्जन आत, टेबलावर दुसरा माणूस घेऊन होते. मी मामाला त्यांच्याकडे पिटाळले.

तेव्हा समोरच्या वॉर्डची मावशी दारात आली.

“ब्रदर, सिस्टरनी बोलावलंय. आक्कास्नी लई दम लागलाय.”

माझ्या मुठीखाली त्या माणसाची नाडी उडत होती. त्याने डोळे उघडे ठेवले होते. “पावणं, मरतोय का मी?” त्याने विचारले.

“नाही. हलू नका,” मी म्हणालो. आणि मावशीला म्हणालो, “येतो म्हणून सांगा.”

ती गेली. शिकाऊ मुलाला मी मूठ द्यायला सांगितली असती, पण त्याच्या हाताला तेवढा भार नव्हता आणि नेमक्या जागेची तेवढी ओळखही नव्हती. मी त्याच्याकडे पाहिले आणि तो विचार सोडला. मामा परत आला. सर्जन हातातले आटोपून निघत होते.

मावशी दुसऱ्यांदा आली. दारात उभी राहिली, पदर तोंडाशी धरला आणि परत गेली.

सर्जन आले. त्यांनी माझ्या मुठीच्या जागी आपले बोट घातले, आणि मला बाजूला होता आले. तो माणूस वाचला. पुढे तो काठी टेकत टेकत घरी गेला. जाताना त्याने सर्वांना हात जोडले, मलाही जोडले.

मी हात कोपरापर्यंत धुतले. नखे घासली. मग व्हरांडा ओलांडला.

खाटेभोवती पडदा होता. आत ती तरुण सिस्टर उभी होती. आक्काचे डोळे मिटलेले होते. हनुवटी बांधलेली नव्हती. अंगठेही मोकळे होते.

“वेळ?” मी विचारले.

तिने सांगितली.

“तुम्ही होता?”

“होते, ब्रदर. हात धरला होता. आधी घड्याळ बघितलं.”

“काही बोलली?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. “‘आला व्हय’ म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, येतायत. मग मावशीनं येऊन सांगितलं तिकडचं. तेव्हा म्हणाल्या, ‘आज त्येला जमायचं न्हाय. तू बघ.’ मी घड्याळ काढून हातात घेतलं, त्यांना दिसेल असं. मग काही बोलल्या नाहीत.” तिने खाटेवरची पट्टी उचलली. “डोळे तेवढे मी मिटले. बाकीचं तुमच्यासाठी ठेवलंय.”

तिने पट्टी माझ्या हातात दिली. मी आक्काची हनुवटी बांधली. गाठ डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर. मागे बांधली तर मान वर उचलली जाते. मग अंगठे बांधले. पाय अजून सुजलेले होते. केस मागे सारले. सिस्टरने चादर उलगडून तिचे एक टोक धरले, मी दुसरे धरले, आणि आम्ही ती आक्काच्या अंगावर सारखी केली.

ती वेळ मी इथे लिहीत नाही. मला ती ठाऊक आहे.

“मुलाला निरोप पाठवलाय,” सिस्टर म्हणाली. “संध्याकाळपर्यंत येतील.”

“बरं,” मी म्हणालो. “मी वॉर्डात जातो. तिकडे दोन सलाइन लावायची आहेत.”

“दुपारचे ब्रदर आलेत, ते लावतील.” ती पडद्याच्या तोंडाशी आली आणि वाट अडवून उभी राहिली. वयाने ती माझ्या मुलीएवढी होती. “ब्रदर, तुम्ही चादरी मोजून या.”

मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. खोलीत कोणी नव्हते. मी दार ओढून घेतले. फळ्या सकाळपेक्षा रिकाम्या होत्या. तिपाईवर न बसता मी वरच्या फळीपासून सुरुवात केली. घडीच्या कडेवर बोट ठेवीत खरोखरच मोजू लागलो, कारण त्या खोलीत दुसरे काय करतात ते मला माहीत नव्हते. एक थप्पी झाली. दुसऱ्या थप्पीच्या मध्यावर आकडा चुकला. पुन्हा पहिलीपासून धरला. पुन्हा तिथेच चुकला. घडीच्या कडा एकमेकींत मिसळू लागल्या. मी चष्मा काढला, पुसला, घातला. त्याने फरक पडला नाही.

काही वेळाने दारावर बोटाने टकटक झाली. तिने दार उघडले नाही.

“भरल्या का, ब्रदर?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग मोजा अजून. मी बाहेर उभी आहे.”